काट्यावरचे वजन आणि शिवणीतली माया

आमच्या लहानपणी रेल्वे स्टेशनवर वजनाचे एक उंच यंत्र उभे असे. मामाला गाडीत बसवायला नाशिकरोडला गेलो की आमचा अर्धा जीव त्या यंत्रात असायचा. आत लाल-हिरवे दिवे लुकलुकत, एक चाक गरगर फिरत असे. नाणे टाकले की खटकन जाड कागदाची चिठ्ठी खाली पडे. तिच्या एका बाजूला वजन छापलेले असे आणि दुसऱ्या बाजूला चक्क भविष्य! वजनाकडे आमचे लक्षच नसे. आम्ही घाईघाईने चिठ्ठी उलटून नशिबात काय लिहिले आहे ते वाचत असू.

ती यंत्रे आता दिसत नाहीत, पण चिठ्ठी उलटून वाचण्याची सवय काही गेलेली नाही. माणसाचे वजन दिसले की आपण लगेच त्याचा स्वभाव वाचू लागतो. जाड असेल तर आळशी, खादाड. सडपातळ असेल तर काटक, संयमी, निरोगी. वाचक हो, मी स्वतः डॉक्टर असूनही कित्येक वर्षे हेच वाचन करत आलो. त्याची किंमत एका बाईंना मोजावी लागली आणि थोडी मलाही. म्हणून आज एखाद्या रोगाविषयी न लिहिता, आपण आपल्या शरीराकडे कोणत्या नजरेने पाहतो त्याविषयी लिहितो आहे. ही नजर चुकली तर रोगनिदानही चुकते, हे मी अनुभवाने शिकलो.

दोन पेशंट

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात एक शिक्षिका आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 41, वजन 84 किलो. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, शाळेचा जिना चढताना धाप लागते. दुपारनंतर अगदी गळून गेल्यासारखं होतं."

संध्याकाळची वेळ होती. बाहेर पेशंटची रांग लागलेली. मी काट्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि केसपेपरवर एक अक्षर लिहिण्याआधीच बोलून गेलो, "ताई, एवढं ओझं घेऊन जिना चढलात तर धाप लागणारच की! आधी दहा किलो कमी करा, मग बघू." बाकावर बसलेल्या दोघीजणी हसल्या. बाईही हसल्या. फी देऊन निघून गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा मध्ये चौदा महिने गेले होते. यजमान हाताला धरून घेऊन आले होते. चेहरा पांढराफटक. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर लालीचा पत्ता नाही. रक्त तपासले. बायकांचे हिमोग्लोबिन निदान 12 असावे लागते, बाईंचे 6 निघाले. मग नीट बसून विचारले तेव्हा कळले की दोन वर्षांपासून पाळीत अतिरक्तस्राव होत होता. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी सापडल्या. पहिल्या भेटीत मी पाळीविषयी विचारलेच नव्हते आणि चारचौघांत हसे झाल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितले नव्हते.

मधल्या काळात बाईंनी रात्रीचे जेवण सोडले होते, भाकरी सोडली होती, काकडी आणि लिंबूपाण्यावर दिवस काढले होते. नऊ किलो कमी झाले आणि नंतर अकरा वाढले. "अहो, मग आधी का नाही आलात?" असे मी विचारले. त्यांचे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "दहा किलो कमी झाल्याशिवाय तुमच्याकडे कुठल्या तोंडाने येऊ, डॉक्टर?"

रक्त द्यावे लागले, नंतर शस्त्रक्रिया झाली आणि त्या बऱ्या झाल्या. जिन्यावरची ती धाप मुख्यतः रक्ताच्या कमतरतेची होती. काही मिनिटांच्या तपासणीने ती पहिल्याच दिवशी समजली असती.

दुसरा पेशंट मी स्वतः. उंची 168 सेंटिमीटर, वजन 58 किलो. लग्नातला कोट अजून अंगाला बसतो म्हणून मी मिरवत असे. गोड खाल्ले तरी मला काही होत नाही, अशी माझी ठाम समजूत. शेहेचाळीसाव्या वर्षी विम्याच्या कागदपत्रांसाठी रक्त तपासले. उपाशीपोटी साखर 168 आली. प्रयोगशाळेची चूक असेल म्हणून पुन्हा तपासली. चूक नव्हती. काट्याने मला वर्षानुवर्षे शाबासकी दिली होती आणि आत मधुमेह मुक्कामाला येऊन बसला होता.

एकाच दवाखान्यातल्या एकाच काट्याने दोन माणसांना फसवले. एकीला उगाच गुन्हेगार ठरवले, दुसऱ्याला उगाच बक्षीस दिले. असे का झाले?

पुण्याचे डॉक्टर आणि लंडनचे डॉक्टर

या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर आपल्या शेजारच्या पुण्यातूनच मिळाले आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन.

दोघांचाही 'बीएमआय' अगदी सारखा, 22.3. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या कोड्याला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव पडले. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात, यकृताच्या आसपास चरबी दडलेली असू शकते आणि स्नायू मात्र कमी असतात. आपण खाल्लेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू वापरतात. स्नायू कमी असले की साखर रक्तात साचते. माझे नेमके हेच झाले होते. दिसतं तसं नसतं म्हणतात ते खोटे नाही.

हे असे का घडते, याचा शोध घेत याज्ञिकांचे पथक थेट गर्भापर्यंत पोचले. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा त्यांनी अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे लहानखुरी, त्यांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात अन्नाची टंचाई असेल तर गर्भ जी शिल्लक ठेवता येईल ती ठेवतो. पुढच्या आयुष्यात भरपूर खायला आणि बसून काम करायला मिळाले की हीच काटकसर अंगलट येते.

मला हे वाचून काय वाटले सांगू? ज्या पोटाला आपण आरशासमोर चिमटे काढतो, त्यामागे आपल्या आईचे, आजीचे, त्यांनी सोसलेल्या टंचाईचे काही देणे असते. सगळा दोष आपल्या जिभेचा नसतो. म्हणजे काही करायचे नाही असा याचा अर्थ नाही, त्याविषयी पुढे सांगतो. पण निदान शिव्या द्यायचे कारण उरत नाही.

आता त्या बीएमआयविषयी थोडे. हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले. त्याला समाजातील 'सरासरी माणूस' शोधायचा होता. समोर बसलेल्या एका पेशंटचे आरोग्य त्यातून कळेल, असा त्याचा हेतू नव्हता. बीएमआय हे नाव तर 1972 साली अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी दिले. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला हा आकडा उपयोगी आहे. भारतीयांसाठी 23 च्या पुढे सावध राहावे, असे आपले तज्ज्ञ सांगतात. पण तो आकडा म्हणजे सुरुवातीचा एक प्रश्न आहे. निकालपत्र म्हणून तो भिंतीवर लावू नये.

उपाशी शरीर काय करते?

याच कीज यांचा आणखी एक प्रयोग सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुण स्वेच्छेने अर्धपोटी राहिले. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे शोधायचे होते. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. पण त्याबरोबर आणखी बरेच काही घडले. त्यांना सतत थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, चिडचिड वाढली, मन उदास झाले. रात्रंदिवस डोक्यात जेवणाचे विचार. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत! पोटभर खायला मिळू लागल्यावर त्यांची भूक आवरेना आणि अंगावरची चरबी आधीपेक्षाही वाढली.

हे सगळे धडधाकट, मनाने खंबीर तरुण होते. त्यांना कोणी 'तुझ्यात निग्रहच नाही' असे म्हणू शकत नव्हते. शरीराला डाएटिंग आणि दुष्काळ यातला फरक कळत नाही. खाणे एकदम तोडले की ते खर्च कमी करते आणि भूक वाढवते. 1994 साली लेप्टिन हे संप्रेरक सापडल्यावर यातला एक दुवा स्पष्ट झाला. चरबीच्या पेशी या संप्रेरकाद्वारे मेंदूला शिल्लक कळवत असतात. शिल्लक झपाट्याने घटली की मेंदू भुकेची घंटा वाजवतो.

आमच्या शिक्षिकाबाईंचे नऊ किलो जाऊन अकरा परत आले, त्यामागे हे कारण होते. बाई मात्र समजत होत्या की आपणच नालायक. आणि जितके नालायक वाटे तितके पुढचे उपास कडक होत. संकष्टी, एकादशी, सोमवार आणि वर "काल लग्नात जेवले म्हणून आज काही नको." हे चक्र अनेक घरांत फिरते आहे.

ही मोजपट्टी कोणाची?

आपले अंग आपल्याला आवडेनासे होते ते जन्मतः नव्हे. लहान बाळ आपल्या पायाचा अंगठा कसा कौतुकाने तोंडात घालते! कोणीतरी येऊन मोजपट्टी लावते तेव्हा नावड सुरू होते.

फिजी बेटावरचे उदाहरण पाहा. तिथे परंपरेने भरलेले, दणकट अंग चांगले मानत. 1995 साली तिथल्या नद्रोगा भागात दूरदर्शन संच आले. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन बेकर यांनी त्याच सुमारास शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलट्या काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. 1998 मध्ये हे प्रमाण 11.3 टक्के झाले होते. मुलींच्या अंगात तीन वर्षांत काही बिघाड झालेला नव्हता. पडद्यावर परदेशी मालिकांतल्या सडपातळ नट्या आल्या होत्या. आज तो पडदा आपल्या मुलांच्या खिशात आहे आणि त्यात स्वतःचाच चेहरा गुळगुळीत, गोरा करून दाखवण्याची सोयही आहे.

आपल्याकडे मोजपट्टी फार आधीपासून होतीच. 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप वधू पाहिजे' या ओळी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे छापल्या आहेत. गोरे करण्याचे आश्वासन देणारे 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम 1975 मध्ये बाजारात आले. त्याच्या नावातला 'गोरा' हा शब्द 2020 साली काढला गेला, पण आपल्या मनातून तो अजून निघायचा आहे. खरे तर त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून पेशींचे रक्षण करते. आपल्या उन्हाळ्यात ते एक निसर्गदत्त छत्रीच आहे!

कोड आलेल्या माणसांना तर या मोजपट्टीचा मार सर्वाधिक बसतो. कोडामध्ये शरीराची प्रतिकारशक्ती रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. तो संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळही नाही. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन' या संस्थेतून कोड असलेल्या माणसांचे आधारगट उभे केले. याच विषयावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2006 साली 'नितळ' हा चित्रपट काढला. पाहिला नसेल तर जरूर पाहावा. त्वचेवर उपचार करावेत की न करावेत हा ज्याचा त्याचा निर्णय. पण उपचार पूर्ण होईपर्यंत जगणे थांबवून ठेवायचे नाही, हे अशा आधारगटांत समजते.

स्वीकार म्हणजे हार नव्हे

इथे काही वाचक म्हणतील, "डॉक्टर, म्हणजे वजन वाढू द्यायचे का? साखर वाढू द्यायची का?" मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडे पाहा. जमीन हलकी असली म्हणून तो बांधावर उभा राहून तिला शिव्या देत नाही. तो माती परीक्षण करून घेतो, शेणखत घालतो, त्या जमिनीला मानवेल ते पीक घेतो. द्राक्षबागेची छाटणी तो वेळच्या वेळी करतो, ती वेलीवरच्या रागाने करत नाही. जमीन आपली आहे हे मान्य केले म्हणूनच तो तिच्यासाठी राबतो. स्वीकार म्हणतात तो हाच. आहे ते आधी नीट पाहायचे आणि मग त्याची निगा राखायची.

याउलट, ज्याला स्वतःची लाज वाटते तो तपासणीच टाळतो. मैदानावर गेलो तर लोक हसतील म्हणून फिरायला जात नाही. दुःख विसरायला आणखी खातो आणि चोरून खातो. अपमानाने माणूस बारीक होत नाही, उलट वजनावरून हिणवले गेलेले लोक दवाखान्यापासून दूर राहतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. 2020 साली वेगवेगळ्या देशांच्या तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. वजनावरून होणारी हेटाळणी शरीराला आणि मनाला अपाय करते, ती थांबवा, असे त्यांनी वैद्यकीय क्षेत्रालाही बजावले. ते वाचताना मला माझ्या दवाखान्यातला तो बाक आठवला.

शरीर कसे दिसते याऐवजी ते आपल्यासाठी काय करते, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आठवा. डोंगरपाड्यावर अनवाणी धावणाऱ्या या मुलीने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात उंची विचारतात, रंग पाहतात. असे पाय किती अंतर तोडू शकतात, हा रकाना मात्र कोणाच्याच पत्रिकेत नसतो! आपण सगळे काही पदके मिळवणार नाही. पण आपल्याही पायांनी आजवर किती जिने चढले, हातांनी किती पोळ्या लाटल्या, किती मुले कडेवर घेतली, याचा हिशेब एकदा करून पाहावा.

रोजच्या सवयी

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. सगळे एकदम करू नका. एकेक घ्या.

1. काट्याला महिन्यातून एकदाच भेटा. पाणी, मीठ, पाळीचे दिवस यांमुळे वजन एक-दोन किलोने सहज खालीवर होते. ती चरबी नसते. रोज सकाळी काट्याची परवानगी घेऊन आनंदी किंवा दुःखी होऊ नये. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांना डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितले असेल तर त्यांनी मात्र ते करावे.

2. टेपने कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास पोटातील चरबीकडे लक्ष द्यावे. हा आकडा रक्तदाबासारखा वहीत लिहावा आणि वही मिटून कामाला लागावे.

3. रक्ताचे रिपोर्ट काट्यापेक्षा अधिक बोलतात. तिशीनंतर वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब पाहून घ्यावा, मग अंग बारीक असो की जाड. बायकांनी हिमोग्लोबिनही पाहावे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळते. तिशीपुढील लोकांची साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते.

4. शिक्षा म्हणून उपाशी राहू नका. वेळच्या वेळी जेवा. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी असू द्या, म्हणजे स्नायूंना खुराक मिळेल. नागलीची किंवा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे हे काही महागडे डाएट नाही. रविवारी चुलीवरची मिसळ खाल्लीत ना? मग ती चवीने खा. तिच्यासाठी सोमवारी प्रायश्चित्त नको.

5. स्नायूंना काम द्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. आठवड्याला मिळून 150 मिनिटे जोमदार चालणे आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मी स्वतः गोल्फ क्लब मैदानावर चालतो. वजन फारसे बदलले नाही, साखर मात्र पुष्कळ आवाक्यात आली.

6. रात्री पायांना तेल लावा. आपण दिवाळीला एकदा अभ्यंगस्नान करतो आणि मग वर्षभर अंगाकडे बघत नाही. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पावलांना खोबरेल तेल चोळावे, बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल साचू देऊ नये. मधुमेही माणसाला तर याचा दुहेरी लाभ आहे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर छोटी जखम कळत नाही. रोज हात फिरला की ती वेळीच सापडते.

7. स्वतःशी बोलण्याची भाषा तपासा. दमूनभागून माहेरी आलेल्या बहिणीला आपण दारातच "केवढी सुटलीस गं!" म्हणतो का? आधी पाणी देतो, बस म्हणतो. आरशातल्या माणसालाही तेवढेच आदरातिथ्य दाखवावे. 'मला माझे अंग फार आवडते' असे रोज म्हणण्याची सक्ती नाही. 'हे माझे आहे आणि याची काळजी मी घेणार' इतके म्हटले तरी पुष्कळ झाले.

घरातल्यांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना

ढोल्या, काडी, काळू अशी लाडाची नावे मुलांना ठेवू नका. लाड विसरला जातो, नाव लक्षात राहते. जेवताना मुलीच्या ताटातल्या भातावर टीका करू नका. आणि आयांनो, मुलीसमोर स्वतःच्या अंगाला नावे ठेवू नका, ती ऐकत असते आणि शिकत असते.

डॉक्टरांनीही आधी तक्रार ऐकावी, तपासावे आणि मग वजनाकडे वळावे. मी माझा काटा बाकासमोरून उचलून आतल्या खोलीत पडद्यामागे ठेवला आहे. आकडा मोठ्याने वाचत नाही, केसपेपरवर लिहितो. वजनाविषयी बोलायचे असेल तर आधी विचारतो, "आज त्याविषयी बोलायचं का?" बहुतेक पेशंट हो म्हणतात. आणि मग खरे काय ते सांगतात.

हे मात्र अंगावर काढू नका

प्रयत्न न करता वजन झपाट्याने घटणे किंवा वाढणे, सतत थकवा, धाप, पाळी बंद होणे किंवा अतिरक्तस्राव, अति तहान, वारंवार लघवी, पायाची न भरणारी जखम, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मुलगा किंवा मुलगी जेवण टाळत असेल, जेवून लगेच न्हाणीघरात जाऊन उलट्या काढत असेल, अंगाची लाज वाटून घराबाहेर पडत नसेल तर रागावू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर क्षणाचाही विलंब नको. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

शेवटी त्या शिक्षिकाबाईंविषयी. त्या अजून माझ्याकडे येतात, हे माझे भाग्य. वजन 80 च्या आसपास आहे, हिमोग्लोबिन 12 च्या वर. शाळेचा जिना विनासायास चढतात. मागच्या खेपेला हसत म्हणाल्या, "डॉक्टर, 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून सात-आठ ब्लाऊज कपाटात वर्षानुवर्षे ठेवले होते. परवा सगळे शिंप्याकडे दिले आणि सैल करून आणले. चांगल्या शिंप्याने आत माया ठेवलेली असतेच हो, आपण ती उसवत नाही, एवढंच."

शिवताना कापडाची जी कड आत राखून ठेवतात, तिला मराठीत 'माया' हा शब्द आहे. अंग कमी-जास्त होणार, वय वाढणार, बाळंतपणे होणार, आजार येतील आणि जातील, हे शिंप्याला ठाऊक असते. ते आपणही ध्यानात घ्यावे. आपल्या शरीराच्या बाबतीत थोडी माया आत ठेवावी आणि गरज पडेल तेव्हा ती मोकळी करावी.